झुडपं कापणारा स्लॅशर: काय शेडवर बनवावं, काय विकत आणावं

जून-जुलैचे दोन पाऊस नीट झाले की द्राक्षाच्या दोन ओळींमधलं गवत गुडघ्याच्या वर जातं. बांधावर घाणेरी आणि बाभळीचे धुमारे उभे राहतात, पडीक तुकडा गाजरगवताने पांढरा होतो. खुरपायला माणसं मिळत नाहीत. रोटाव्हेटर वारंवार घातला तर वरच्या थरातली बारीक मुळं तुटतात, आणि संत्रा-मोसंबीची अन्न घेणारी मुळं तर याच थरात पसरलेली असतात. तणनाशकाचा रस्ताही आता पूर्वीसारखा मोकळा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले आणि फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरती ठेवली.

अशा वेळी गवत मुळासकट न उपटता वरून कापावं आणि कापलेलं तिथेच आच्छादन म्हणून पडू द्यावं, हा मार्ग अनेक बागायतदारांनी धरला आहे. त्याला लागतो तो ट्रॅक्टरमागे जोडायचा स्लॅशर. तयार यंत्र मिळतं, पण मिनी ट्रॅक्टरच्या मापाचं, आपल्या ओळींत बसेल असं आणि झुडपांनाही पुरून उरेल असं मिळेलच असं नाही. मग आपण गावातल्या वेल्डिंगच्या शेडवर जातो. हा लेख तिथे जाण्याआधी वाचावा म्हणून लिहिला आहे. स्लॅशरचा निम्मा भाग शेडवर उत्तम बनतो. उरलेला निम्मा तिथे बनवूच नये.

यंत्र असतं तरी काय

एक आडवी जाड पत्र्याची पेटी, खालून उघडी. तिच्या पाठीवर गिअरबॉक्स. ट्रॅक्टरचा पीटीओ आडवा फिरतो, गिअरबॉक्स ती गती काटकोनात वळवून उभ्या शाफ्टला देतो आणि तिचा वेगही वाढवतो. शाफ्टच्या खालच्या टोकाला एक आडवा दांडा किंवा गोल तवा असतो आणि त्याच्या दोन टोकांना पाती लटकलेली असतात. लटकलेली हा शब्द इथे महत्त्वाचा. पातं घट्ट आवळलेलं नसतं, बोल्टभोवती मोकळं फिरतं. वेगात असताना ते बाहेरच्या बाजूला ताणलं जाऊन सरळ उभं राहतं, आणि दगड किंवा बुंधा आडवा आला की मागे दुमडतं. हे दुमडणं नसतं तर प्रत्येक दगडाचा धक्का थेट गिअरच्या दातांवर गेला असता.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावात १९५१ मध्ये सुरू झालेल्या बुश हॉग कंपनीने ट्रॅक्टरवर चालणारा असा कटर बाजारात रुजवला. तिकडे आजही कुणाच्याही स्लॅशरला बुश हॉगच म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

आधी ट्रॅक्टर मोजा

इंजिनावर लिहिलेली एचपी पीटीओवर मिळत नाही. साधारण १५ टक्के वाटेतच जाते. २२ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरच्या पीटीओवर १८-१९ एचपी मिळते असं धरून चाला. झुडपांसाठी कापणीच्या प्रत्येक फूट रुंदीला पीटीओची ४ ते ५ एचपी लागते. म्हणजे अशा ट्रॅक्टरला ४ फूट, अर्थात १.२ मीटर रुंदी पुरे. ५ फुटांचा मोह होतो, पण ओल्या गवतात इंजिन दबतं, पात्यांचा वेग पडतो आणि गवत कापलं न जाता फाटतं.

रुंदी दुसऱ्या बाजूनेही तपासायची. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. पेटी त्यापेक्षा अरुंद असेल तर चाकाखाली दबलेला पट्टा न कापताच मागे राहतो आणि दोन दिवसांत पुन्हा उभा होतो.

पीटीओचा वेगही बघून घ्या. बहुतेक ट्रॅक्टरना मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ असतो, पण बऱ्याच मिनी ट्रॅक्टरना दुसरा, जास्त वेगाचा टप्पाही असतो. ५४० साठी निवडलेला स्लॅशर त्या टप्प्यावर चुकूनही चालवायचा नाही. लिव्हरजवळ रंगाने ठळक खूण करून ठेवा, कारण ट्रॅक्टर नेहमी एकाच माणसाच्या हातात नसतो.

गिअरबॉक्स विकतच घ्या

सगळ्यात जास्त पैसे वाचवायचा प्रयत्न इथे होतो, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते.

भंगारात पडलेला रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स पहिल्यांदा नजरेत भरतो. तो उपयोगाचा नाही. रोटाव्हेटरची पाती मातीत दोनशे-अडीचशे फेऱ्यांनी फिरतात, म्हणजे त्याची रचना वेग कमी करणारी असते. खड्डे घ्यायच्या यंत्राच्या गिअरबॉक्सचंही तसंच. स्लॅशरला बरोबर उलटं हवं. ५४० च्या ८०० किंवा १००० फेऱ्या करणारा गिअरबॉक्स.

मग कुणीतरी जुन्या जीपचं डिफरन्शियल सुचवतं. ही कल्पना हुशारीची आहे, म्हणून नीट समजून घेऊ. डिफरन्शियलच्या एका बाजूच्या अॅक्सलमधून ५४० फेऱ्या आत द्यायच्या आणि दुसरी बाजू कायमची जाम करायची. क्राउन व्हील निम्म्या वेगाने, म्हणजे २७० ने फिरतं. क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.१ असेल तर पिनियनला सुमारे ११०० फेऱ्या मिळतात. कागदावर हिशोब चोख बसतो. पण डिफरन्शियलमधले छोटे स्पायडर गिअर वळणावर थोडा वेळ फिरण्यासाठी बनलेले असतात, इथे त्यांना तासन् तास पूर्ण भार ओढावा लागतो. क्राउन-पिनियन उलट्या दिशेने भार घेतं. आणि पिनियन उभं केलं की वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही. कोरडं बेअरिंग किती टिकणार? मी असा जोड करू नका असंच सांगेन.

राजकोट-लुधियानाकडच्या अवजार उद्योगात स्लॅशरचे स्वतंत्र गिअरबॉक्स मिळतात. त्यांत १:१.४७ आणि १:१.९३ ही प्रमाणं नेहमीची. ५४० वर पहिल्यातून सुमारे ७९४ फेऱ्या मिळतात, दुसऱ्यातून सुमारे १०४२. १.२ मीटरच्या कापणीवर्तुळात पात्याचं टोक पहिल्यात सेकंदाला ५० मीटर पळतं, दुसऱ्यात ६५. ६५ मीटर म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर. क्रिकेटमधला सर्वांत वेगवान चेंडू म्हणून नोंद असलेला शोएब अख्तरचा २००३ च्या विश्वचषकातला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटरचा होता. तुलना इतक्यासाठीच, की पेटीखाली काय फिरतंय याचा अंदाज यावा. गवत आणि कोवळी झुडपं दोन्ही साफ कापायची असतील तर १:१.९३ घ्यावा. जमीन फार दगडाळ असेल तर १:१.४७ वर समाधान मानावं.

पाती: कमानपाट्याचा मोह

गावात कोयता, विळा, कुऱ्हाड ट्रकच्या कमानपाट्यापासून बनते आणि पिढ्यान् पिढ्या टिकते. त्यामुळे स्लॅशरची पातीही त्याचीच करू, असं शेडवर हमखास ऐकायला मिळतं. कोयत्याबाबत ते बरोबर आहे. स्लॅशरबाबत नाही.

हिशोब करून पाहू. ३ किलोचं पातं, त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून ४२ सेंटीमीटरवर, फेऱ्या १०४२. हे पातं आपल्या बोल्टला बाहेर ओढतं ते सुमारे दीड टनाच्या जोराने. काही कापत नसतानासुद्धा, नुसतं फिरताना. आता जुना कमानपाटा घ्या. लाखो किलोमीटर वाकून-सरळ होऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. भोक पाडण्यासाठी तो तापवला की त्याचं पाणी उतरतं. पुन्हा पाणी द्यायचं काम अंदाजाने झालं तर पोलाद ठिसूळ होतं. कोयता तुटला तर तुकडा पायाशी पडतो. हे पातं तुटलं तर अर्धा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि उरलेलं यंत्र असमतोल होऊन ट्रॅक्टरच्या मागे थयथयाट करतं.

तयार पाती बोरॉन पोलादाची, यंत्रशाळेत पाणी दिलेली मिळतात, तीच घ्या. जोडीनेच घ्या आणि दुकानातच वजनकाट्यावर टाका. दोन पात्यांत ५० ग्रॅमचा फरक टोकाशी असला तर यंत्राला सुमारे ३६ किलोचा धक्का बसतो, तोही सेकंदाला १७ वेळा. बेअरिंग खाणारं आणि वेल्डिंगला तडे पाडणारं कंपन इथूनच सुरू होतं.

पात्याचा बोल्ट खास खांद्याचा असतो. पातं त्याच्या गुळगुळीत भागावर फिरतं, आट्यांवर नाही. नट कितीही आवळला तरी पातं हाताने मोकळं फिरलं पाहिजे. हा बोल्टही पात्यांच्याच दुकानातून आणा. नटला स्प्लिट पिन किंवा नायलॉन लॉक हवाच.

धारेची बाजू शेवटी बघायची राहते आणि घोटाळा होतो. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पण गिअरबॉक्समधला गिअर कोणत्या बाजूला आहे त्यावर खालच्या शाफ्टची दिशा ठरते. गिअरबॉक्स हाताने फिरवून दिशा पाहा आणि मगच पाती मागवा.

मधला तवा

पात्यांच्या दांड्याखाली गोल, कडेला वर वळलेला तवा लावतात. यंत्र तोडलेल्या बुंध्यावर गेलं तर हा तवा बुंध्यावर घसरतो आणि शाफ्टचं टोक वाचतं. शेडवर यासाठी तव्याच्या नांगराचा झिजलेला तवा वापरायची पद्धत आहे. आकार नेमका जुळतो, पण ते पोलाद जास्त कार्बनचं असल्याने वेल्डिंगच्या टाक्याशेजारी तडकतं. त्यापेक्षा १० मिमी साध्या लोखंडी प्लेटची गोल चकती प्रोफाइल कटिंगवर कापून घ्यावी, कडा दाबयंत्रावर वाकवून घ्यावी आणि गिअरबॉक्सच्या हबला बोल्टने बसवावी. कट केलेली चकती केंद्राला अचूक येते, गॅसने हाताने कापलेली येत नाही.

पेटी: इथे शेडवाल्याची कमाल दिसते

इथून पुढचं काम आपल्या गावच्या कारागिराचं, आणि तो ते कारखान्यापेक्षा मजबूत करू शकतो. कारखान्याला पत्र्याचं वजन वाचवायचं असतं, आपल्याला नाही.

वरचा पत्रा ५ मिमी. लोखंडी पत्र्याचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. १.३ बाय १.५ मीटरचा ५ मिमी पत्रा सुमारे ७६ किलो भरतो. पेटीच्या दोन्ही बाजूंना २०० मिमी उंचीच्या कडा, त्याही ५ मिमीच्या, आणखी २४ किलोच्या आसपास. चौकट, गिअरबॉक्स, पाती धरून यंत्र सव्वादोनशे ते अडीचशे किलोपर्यंत जातं. मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट ते उचलते, पण ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं. पुढे वजनं लावायची सोय आधी बघा, नाहीतर चढावर स्टिअरिंग हाताला लागणार नाही.

गिअरबॉक्स नुसत्या पत्र्यावर बसवू नये. ७५ मिमीचे दोन सी-चॅनल पेटीच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आडव्या आधारांसह टाकावेत आणि गिअरबॉक्स १२ मिमी प्लेटमार्फत त्यांवर बोल्टने धरावा. चॅनल आणि पत्रा जोडताना सलग लांब टाका घालू नये. पत्रा तापून वाकतो आणि पात्यांचं वर्तुळ पेटीला समांतर राहत नाही. दोन-दोन इंचांचे टाके, एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला, मध्ये थंड होऊ देत. वेल्डरला घाई असेल तर हे काम दुसऱ्या दिवशीवर न्या.

पात्याचं टोक आणि पेटीची कड यांत २५ मिमी अंतर राहील अशी रुंदी ठेवा. दोन्ही कडांच्या खाली १० मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्टीच्या घसरपट्ट्या बोल्टने लावा. वेल्ड करू नका, कारण त्या झिजणार आहेत आणि बदलाव्या लागणार आहेत. त्या वर-खाली करता येतील अशी तीन-चार भोकं ठेवली की कापणीची उंची बदलता येते. झुडपांसाठी ८ ते १० सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये.

साखळ्यांचा खर्च वाचवू नका

पेटीची पुढची आणि मागची बाजू उघडी असते, गवत आत यायला आणि बाहेर पडायला. दगडही तिथूनच बाहेर पडतो. दख्खनच्या मुरमाड जमिनीत दगड नाही असं शेत कुठे आहे? पुढे आणि मागे ८ मिमी कडीच्या साखळ्या एकमेकींना खेटून लटकवायच्या, जमिनीला जवळपास टेकतील इतक्या लांब. गवत त्या ढकलून आत जातं, उडालेला दगड त्यांत अडकून खाली पडतो. रबरी पट्टे स्वस्त असतात, पण दगड त्यांना फाडून जातो.

हे सगळं असूनही यंत्र चालू असताना आसपास शंभर मीटरपर्यंत कुणी नसावं. मुलं गंमत बघायला येतात. त्यांना आधी घरी पाठवा, मग पीटीओ लावा.

ट्रॅक्टरला जोडताना

मागच्या तीन टोकांवर अवजार धरायची पद्धत हॅरी फर्ग्युसनने आणली. १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर ती आली आणि तिथून जगभर गेली. छोट्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिमीच्या आणि वरची १९ मिमीची असते. काही मिनी ट्रॅक्टरना तिचीच अरुंद आवृत्ती असते, म्हणून खालच्या दोन हातांमधलं अंतर आपल्याच ट्रॅक्टरवर मोजून जोडाच्या चौकटीचं माप शेडवर द्या.

वरची टॉप लिंक ताठ बसवली तर पेटी जमिनीच्या चढउतारांशी जुळवून घेत नाही. चौकटीच्या माथ्यावर दोन पट्ट्यांचा हलता सांधा द्यावा, म्हणजे मागची बाजू तरंगती राहते. मागे एक छोटं फिरतं चाक लावलं की पेटी मागून ठरलेल्या उंचीवर राहते. पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा. कापलेलं गवत पुन्हा पात्यांत न घुमता मागून सुटतं आणि ताकद कमी लागते.

पीटीओ शाफ्ट

५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९. सात सेंटीमीटर जाडीच्या शाफ्टवर कापड गुंडाळलं गेलं तर एका सेकंदात दोन मीटर आत जातं. पदर, उपरणं, सैल शर्टाची बाही, काहीही. हात मागे घ्यायला माणसाला एवढा वेळ मिळत नाही. मळणीयंत्रांच्या अशाच अपघातांमुळे देशात १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आला. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण आणि त्याची छोटी साखळी शाबूत नसेल तर यंत्र बाहेर काढू नये. ग्रीस भरताना आवरण काढून ठेवायची सवय फार वाईट आहे.

शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात. लिफ्ट पूर्ण वर असो वा खाली, निदान एक तृतीयांश लांबी एकमेकांत राहिली पाहिजे, आणि सगळ्यात आखूड स्थितीतही टोक तळाला टेकता कामा नये. नाहीतर शाफ्ट गिअरबॉक्सचं बेअरिंगच ढकलून बाहेर काढतो.

दोन संरक्षणं हवीत. पहिलं शिअर बोल्टचं. पातं अडकलं की हा मऊ बोल्ट तुटतो आणि गिअर वाचतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी हायटेन बोल्ट टाकणारे मी पाहिले आहेत. बोल्ट मग तुटत नाही, त्याच्या जागी गिअरचा दात तुटतो. यंत्राच्या पेटीला एक डबा लावून त्यात योग्य मापाचे चार साधे बोल्ट ठेवा.

दुसरं संरक्षण ओव्हररनिंग क्लचचं. पाती आणि तवा मिळून एक जड चक्र फिरत असतं. ज्या ट्रॅक्टरचा पीटीओ स्वतंत्र नाही, त्यात तुम्ही क्लच दाबला तरी ते चक्र उलट्या दिशेने गिअरबॉक्समार्फत ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतं. विहिरीच्या काठाशी किंवा ताटीच्या खांबासमोर हे लक्षात येऊन उपयोग नाही. हा छोटा क्लच पीटीओच्या टोकावर बसतो आणि फक्त एकाच दिशेने ताकद जाऊ देतो. मात्र त्याने पाती लगेच थांबत नाहीत, पीटीओ बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतात. पेटीखाली वाकण्याआधी चावी खिशात, पाती पूर्ण थांबलेली आणि पेटीखाली लाकडी ठोकळे. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

पहिली चाचणी

गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर तेल भरलंय ना, हे पहिलं. नवे गिअरबॉक्स कोरडेच येऊ शकतात. मोकळ्या मैदानात, पेटी जमिनीजवळ ठेवून, इंजिन अगदी हळू चालवत पीटीओ लावा. पाती बाहेर पडताना दोन ठोके ऐकू येतील, ते नेहमीचे. मग हळूहळू वेग वाढवा. एखाद्या ठराविक वेगाला पेटी थरथरली तर तिथेच थांबून पात्यांची वजनं पुन्हा बघा. दहा मिनिटांनी गिअरबॉक्सला हात लावा. कोमट असणं ठीक, हात ठेवता येत नसेल तर तेल किंवा बेअरिंग चुकलंय. एक तास चालवल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा. नव्या यंत्रात ते सैल होतातच.

शेतात

अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची खोडं हे यंत्र घेतं. त्याहून जाड बाभूळ कोयत्याने तोडून बाजूला काढावी. कापण्याआधी एकदा चालत फेरी मारा. ठिबकच्या नळ्या, तारेचे तुकडे, सुतळी, जुने खांब उचला. ठिबकची नळी शाफ्टभोवती गुंडाळली गेली की सील तोडून तेल बाहेर काढते. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन पीटीओच्या पूर्ण वेगावर. वेग कमी हवा असेल तर गिअर बदला, थ्रॉटल सोडू नका.

पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलेलं गाजरगवत फुलावर येण्याआधी कापावं, नाहीतर आपणच बी पसरवतो. ते पुन्हा फुटतं, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. घाणेरी तर बुंध्यातून जोमाने फुटते. स्लॅशरने तिचा माथा काढला की बुंधा दिसतो आणि कुदळीने मुळासकट काढणं सोपं जातं, तेवढाच त्याचा उपयोग.

पात्याला वस्तऱ्यासारखी धार करू नका, ती पहिल्याच खड्यावर मोडते. दीड-दोन मिलिमीटर जाडीची कड ठेवून ग्राइंडरने हलक्या हाताने घासायची, निळी होऊ द्यायची नाही. पावसाळा संपला की पेटी उलटून वाळलेला चिखल-गवताचा थर खरवडा, कारण त्याखाली पत्रा ओला राहून गंजतो. मग पाती काढा, जोडी तराजूत टाका आणि जड असेल तेच घासून दुसऱ्याच्या बरोबरीला आणा.